अकरा मिलिमीटर

प्रिय मित्रा,

काल रात्री पावणेबाराला, तू घ्यायला निघालेल्या त्या ठोकलेल्या 370 झेडचे चौदा फोटो आले. सकाळी ते मोठ्या पडद्यावर लावून मी एकेक पाहिला. तेरा फोटो इंजिनाचे, चाकांचे, सीटचे आणि त्या लाल रंगाचे. एक फोटो डाव्या दाराचा, आणि तोही तू आरशाचा म्हणून काढलेला. मी अर्धा तास त्याच्यावरच थांबलो. दाराच्या मागच्या कडेची फट बघ. वर ती नीट आहे, खाली येता येता मिटत गेली आहे. दार आपोआप मागे सरकत नाही. पुढचं चाक आत रेटलं गेलं आणि त्याने दाराच्या खालच्या बिजागरीचा खांब मागे ढकलला, तरच असं होतं. विकणारा तुला सांगतो, "पुढून थोडी लागलीय, इंजिन एकदम ओके." ही थोडी लागलेली गाडी नाही.

तू विचारलंस, "काका, घेऊ की नको?" आणि त्याखाली लगेच यादी दिलीस: ट्विन टर्बो, वाइडबॉडी किट, एअर सस्पेन्शन, एक्झॉस्ट. इंजिनात हवा कोंबून ताकद वाढवणारा तो टर्बो कोणता घ्यावा यावर तू माझ्याकडून तीन ओळी मागतोस आणि गाडी कुठल्या दिशेने वाकली आहे याबद्दल एक शब्द विचारत नाहीस. राग आला मला. मग लक्षात आलं की सव्विसाव्या काय, चौतिसाव्या वर्षीही मी हेच केलं होतं. म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर मी ओरडलो असतो.

गाडीबद्दल तुला समजवायची गरज नाही. निसानची 370 झेड तुला माझ्याहून जास्त पाठ आहे. 2010 मध्ये ती आपल्याकडे पूर्ण बांधून जपानहून आली, 3.7 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, साडेसात हजार आरपीएमपर्यंत श्वास न अडकता चढणारं. अशी गाडी मनात बसली की तिथून हलत नाही, हे मी जाणतो. ते वेड मी काढणार नाही. वेड नसतं तर माझी उद्यमनगरातली शेड मी कधीच भाड्याने देऊन मोकळा झालो असतो. माझं म्हणणं एवढंच आहे: आधी माप, मग बाकी सगळं. जी गाडी कंपनीच्या मापाला परत येत नाही तिच्यात एका रुपयाचाही बदल करायचा नाही.

2007 मध्ये मी माझदाची एमएक्स-5 घेतली. कुणी तरी विलायतेहून परतताना बरोबर आणलेली, उजव्या मागच्या बाजूने दुभाजकाला घासून बसलेली. दोन सीटची, जेमतेम हजार किलोच्या आसपास वजनाची, चारी चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. तिच्यात गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब तुळई जाते, ती मी पहिल्यांदा खालून पाहिली तेव्हा उठावंसं वाटलं नाही. बेळगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवायला नेली. त्यांनी गाडी चार स्टँडवर घेतली, ओळंबे सोडले, फरशीवर खडूने फुल्या मारल्या आणि दोन कर्ण मोजले. बिलाच्या मागे पेन्सिलने लिहिलं: 11. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा अकरा मिलिमीटरने मोठा. म्हणाले, "हिला बेंचवर घेऊन ओढायला लागंल. तोवर काय करू नका." बेंच म्हणजे वाकलेला सांगाडा पकडून मापात ओढायची चौकट.

मी त्या वेळी पंधरा वर्षं लेथवर उभा होतो. दोन शतांश मिलिमीटर जास्त उतरलेला जॉब मी स्वतःच्या हाताने बाजूला फेकत होतो, पोरांना त्यावरून बोलत होतो. आणि अकरा मिलिमीटर मी घडी घालून खिशात ठेवले. कारण टर्बो किट आलं होतं. पेटी उघडून टेबलावर मांडली होती आणि तिला हात लावल्याशिवाय मला झोप येत नव्हती. अलाइनमेंटवाल्याने टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिलं, कोरड्या रस्त्यावर गाडी तीरासारखी जायची. मिस्त्री जरा जास्तच घाबरवतात, असं मी स्वतःला सांगितलं.

2008 च्या जुलैत कागलच्या पुढे, पावसात, नव्वदच्या वेगाला मी लेन बदलली. टर्बो भरला आणि मागचा भाग माझ्या हातातून निघाला. मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेत नव्हतीच. ती कायम थोडी तिरकी चालत होती आणि पुढून सरळ केलेलं स्टिअरिंग ते झाकत होतं. आम्ही उसाच्या शेतात उतरलो. मला ओरखडाही नाही. शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या भावाचं उजवं मनगट मोडलं. त्यात अजून दोन स्क्रू आहेत. तोही टर्नर होता. त्यानंतर लेथचं चाक त्याने फिरवलं नाही. इतक्या वर्षांत त्याने मला एक शब्द बोलून दाखवलेला नाही आणि तेच माझ्याच्याने सोसत नाही. खिशातला तो कागद भिजला, पण आकडा वाचता येत होता.

म्हणून सांगतो, आधी माप.

माप कसं घ्यायचं ते नीट वाच. गाडी सपाट फरशीवर चार स्टँडवर उचलायची. खाली चासीला कारखान्याने डावी-उजवीकडे जोडीजोडीने भोकं ठेवलेली असतात. अशा तीन-चार जोड्या निवडायच्या, प्रत्येक भोकातून ओळंबा सोडायचा, जमिनीवर फुली. मग गाडी बाजूला काढून खडू लावलेल्या दोरीने रेषा मारायच्या. पुढची डावी फुली ते मागची उजवी, आणि पुढची उजवी ते मागची डावी, हे दोन कर्ण सारखे आले पाहिजेत. तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, त्यापुढे नाही. सगळ्या जोड्यांचे मध्यबिंदू एका रेषेत पडले पाहिजेत. आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोज. ह्या गाडीचं ते 2,550 मिलिमीटर आहे. तुझ्या गाडीत डावीकडे ते कमी भरेल हे मी फोटोवरूनच सांगतो. प्रश्न फक्त कितीचा आहे. पाना-बोल्टने सुटणारी पुढची फ्रेम आणि आर्म वाकले असतील तर ते बदलता येतात, दुःख फक्त पैशाचं. खांब वाकला असेल तर तो बेंचवर, मॅन्युअलमधल्या मापांवर ओढणारा माणूस हवा. गॅसने लाल करून ठोकणारा नको. आताच्या गाड्यांच्या खांबांत जास्त ताकदीचं पोलाद असतं, ते तापवलं की ताकद निघून जाते. दिसायला सरळ होतो तो खांब. पुढच्या धडकेला कागदासारखा दुमडतो.

तू लोहचुंबक घेऊन गेला होतास आणि "बॉनेटला लांबी भरलेली नाही" असं लिहिलंस, लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. बॉनेटला चुंबक चिकटला का, ते लिहिलं नाहीस. चिकटणारच नाही, ह्या गाडीचं बॉनेट, दारं आणि मागचं झाकण अॅल्युमिनियमचं आहे. बॉनेटला चुंबक चिकटला असेल तर ते बॉनेट तिचं नाही. चुंबक मागच्या चाकावरच्या पत्र्याला लाव. तिथे तो घसरला तर आत लांबी आहे, म्हणजे गाडी मागूनही कधीतरी लागलेली आहे.

एअरबॅग फुटल्या आहेत, ते स्टिअरिंगच्या फोटोत दिसतंच. त्यांच्याबरोबर सीट बेल्ट ओढून धरणारी यंत्रंही उडतात आणि कंट्रोल युनिटमध्ये धडकेची नोंद बसते. ते सगळं बदलावं लागतं. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणी तरी तो मारून ठेवला आहे. काही जण एअरबॅगच्या जागी रेझिस्टर जोडून दिव्याला फसवतात. असा माणूस बाकी कुठे कुठे फसवत असेल याचा हिशेब तूच कर.

इंजिनाचा व्हिडिओ दहा सेकंदांचा आहे. पुढून लागलेल्या गाडीचा रेडिएटर आधी जातो, आणि पाणी नसलेलं इंजिन "चालू होतंय बघा" म्हणून किती जणांना चालवून दाखवलं, कोणास ठाऊक. सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजल्याशिवाय त्या "ओके"ला काही किंमत नाही.

कागद मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात मला रस नाही, पण तुला असायलाच हवा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली आधीच्या मालकाने ती कायमची निकामी झाल्याचं कळवलं असेल तर आरसी रद्द होते. मग तू घेतोस ती गाडी नसते, सुट्या भागांचा ढीग असतो. कर्जाचा बोजा उतरलाय का बघ. चासी नंबर जिथे ठोकलाय त्याच्या आजूबाजूला वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत ये. तुझी ही 2011 ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं भरत आली. आयात गाडीच्या फेरनोंदणीची फीच 40,000 आहे, तपासणी वेगळी. आणि तुझ्या त्या यादीबद्दल: कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल कलम 52 खाली चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं आलं.

वाइडबॉडी किटसाठी मागच्या चाकांवरचा पत्रा कापावा लागतो हे तुला माहीत आहे. म्हणजे ह्या गाडीचा जो भाग शाबूत आहे, नेमका तोच कापायला तू निघालास. पुढचं वाकडं तसंच, मागचं सरळ ते कापलेलं. लिहिताना माझा हात थरथरतो. का करायचं असं? फोटोसाठी?

सरळ झालेली 370 झेड एक वर्ष आहे तशी चालव. पूर्ण एक पावसाळा धरून. त्या वर्षात ती तुला स्वतः सांगेल काय हवंय ते. बुश बदल, चांगले टायर घे, ब्रेकचे पॅड आणि ऑइल चांगलं घाल. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला घेऊन जा; सुमारे 2.1 किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे लेनही नाही आणि शेजारी भाऊही नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या ह्या गाड्यांचं तेल ट्रॅकवर लवकर तापतं, म्हणून पहिला ऑइल कूलर. टर्बोचं मला त्यानंतर विचार. मी सांगेन, आनंदाने सांगेन, रात्रभर सांगेन.

तुझ्या मित्रांनी तुला माझं उदाहरण दिलं असणार. काकांनी एका भंगार गाडीवर सहा वर्षं आणि एका फ्लॅटचे पैसे घातले, असं. पैशाचं खोटं आहे, वर्षांचं खरं आहे. अपघातानंतर मी ती विकली नाही. टर्बो काढला, इंजिन काढलं, डॅशबोर्ड काढला, नुसता सांगाडा उरेपर्यंत सोलली. त्याच मिस्त्रींकडे परत गेलो, आणि त्यांनी मला दारात उभं केलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. 2014 च्या मार्चमध्ये कर्णांतला फरक दोन मिलिमीटरवर आला. आज ती कारखान्यातून निघाली तशी आहे, साधी, टर्बो नसलेली. घरातले म्हणतात मी हट्टाने केलं. हट्टानेच केलं. ती गाडी विकली असती तर माझ्या भावाचं मनगट एका वाकड्या गाडीपायी गेलं एवढंच उरलं असतं, आणि ती वाकडी गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी भावाला बसवून फिरत राहिली असती. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. गाडी घेण्यात मी चुकलो नव्हतो. क्रम चुकला. हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणत असेन, तरी तुझ्यासाठी ते खरं आहे. म्हणूनच मी तुला "घेऊ नको" असं सरळ लिहून मोकळा होत नाही.

बाबांना अजून सांगितलं नाहीस, असं शेवटी एका ओळीत लिहिलं आहेस. साठवलेले पैसे तुझे आहेत, पण अशा गाडीला पैसे लागायचे थांबत नाहीत आणि दोन वर्षांनी त्यांच्याकडे हात पसरायची वेळ येऊ शकते. आज सांग. मापाचा आकडा आल्यावर तो आकडाही सांग.

विकणाऱ्याने रविवारपर्यंतची मुदत दिली आहे ना? मग आज रात्रीच त्याला एकच विचार: शनिवारी गाडी चार स्टँडवर घेऊन अर्धा दिवस मोजू देशील का? नाही म्हणाला तर किंमत विचारू नकोस, टोकन देऊ नकोस, परत फिर. हो म्हणाला तर मी शुक्रवारच्या रात्रीच्या बसने भिवंडीला निघतो. ओळंबे आणि मोजपट्टी माझ्याकडे आहे. तू दोरी, खडू आणि जाड पुठ्ठा आण, खाली झोपावं लागतं.

तुझा,
काका