भुसावळमध्ये राहून आठ हजार मीटरवर जाता येईल का, आणि त्यावर लिहून जगता येईल का?

तुम्ही विचारलंय की भुसावळमध्ये वाढलेल्या, बर्फ फक्त फोटोत पाहिलेल्या मुलाला आठ हजारी, म्हणजे आठ हजार मीटरहून उंच, शिखरांचा गिर्यारोहक होता येईल का, आणि पुढे मोहिमांवर लिहून घर चालेल का. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो. दुसऱ्याला नाही, तरी लिहायला आत्तापासूनच लागा.

मी धुळ्याचा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स केले, सहा हजार मीटरच्या आसपासच्या शिखरांवर गेलो. आठ हजारांवर गेलेलो नाही. त्या उंचीबद्दल सांगतोय ते वाचून आणि जाऊन आलेल्यांना खोदून खोदून विचारून.

सपाटीवर राहणं ही तुम्हाला वाटते तेवढी मोठी अडचण नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याकडे असतं तेवढंच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश. त्याला शरीर सरावतं ते वर जाऊनच, आणि खाली उतरलं की काही आठवड्यांत तो सराव ओसरतो. पुण्या-मुंबईच्या पोरांचंही हेच होतं. खरी अडचण पैशाची आहे. नेपाळच्या बाजूने वसंतात एव्हरेस्ट चढायचं तर नुसत्या परवान्यालाच आता १५,००० डॉलर लागतात.

म्हणून तुम्हाला येझी कुकुच्का या पोलिश माणसाबद्दल सांगावंसं वाटतं. १९४८चा जन्म, गाव कातोवित्से, म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. पोलंडमध्ये तेव्हा दुकानात सामान मिळायची मारामार, परदेशी चलन तर स्वप्नातच. मोहिमांसाठी पैसे उभे करायला तो आणि त्याचे सोबती कारखान्यांच्या उंच चिमण्यांना दोराने लटकून रंग द्यायचे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या तुम्ही रोज बघता. तशा चिमणीवर दिवसभर लटकून हिमालयाचं तिकीट कमवायचं, असा तो धंदा होता. त्या पैशावर १९७९ ते १९८७ या आठ वर्षांच्या आत त्याने जगातली चौदाही आठ हजारी शिखरं केली. त्यातली बहुतेक नव्या वाटेने किंवा ऐन हिवाळ्यात, आणि एव्हरेस्ट सोडलं तर सगळी बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय. चौदाही शिखरं त्याच्या आधी फक्त राइनहोल्ड मेस्नर या इटालियन गिर्यारोहकाची झाली होती, १९८६ मध्ये.

१९८१ मध्ये तो त्यातल्याच मकालू शिखरावर एकटा चढला. परतल्यावर कुणी विश्वास ठेवेना. माथ्यावर त्याने खेळण्यातला एक छोटा लाल-काळा ठिपक्यांचा किडा ठेवला होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या मोहिमेला तो तिथे सापडला, तेव्हा वाद मिटला. १९८६ मध्ये के-टूच्या, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराच्या, दक्षिण भिंतीवरून तो आणि ताडेउश पियोत्रोव्स्की वर पोचले; उतरताना ताडेउशच्या बुटांचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात पकड देणारे धातूचे काटे, निसटले आणि तो गेला. कुकुच्का स्वतः १९८९ मध्ये ल्होत्सेच्या दक्षिण भिंतीवर दोर तुटून गेला. घरी सांगताना हेही सांगा, लपवू नका.

तयारीचं थोडक्यात. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेत बेसिक कोर्सचा अर्ज लवकर भरा, यादी लांब असते. त्यात ए ग्रेड आली तरच अ‍ॅडव्हान्सला जाता येतं. तोवर पहाटे, ऊन चढायच्या आत, पाठीवर वजन घेऊन चढाचा सराव करा. मी लळिंगच्या किल्ल्यावर करायचो. तुम्हाला सातपुडा जवळ आहे. नोकरी मात्र सोडू नका. आपल्याकडचे बरेच गिर्यारोहक लष्करात, पोलिसात नाहीतर शिक्षकी पेशात आहेत, आणि पगारावरच चढतात.

आता लिहिण्याबद्दल, कारण मला त्याची जास्त कळकळ आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मोहीमवर्णनांत निरोप समारंभ, प्रायोजक आणि झेंड्याचा फोटो यांनाच निम्मी पानं जातात. उतरणं दोन ओळींत संपतं, आणि कितीतरी अपघात तर उतरतानाच होतात. दोर कुणी बांधले, तंबू कुणी वर नेले, त्या शेर्पांची नावंसुद्धा नसतात. हे मला फार लागतं. जानेवारी २०२१ मध्ये के-टूवर हिवाळ्यात पहिल्यांदा दहा जण पोचले, ते दहाही नेपाळी होते. ओझं वाहणारी माणसं म्हणून ज्यांना आपण एका ओळीत गुंडाळतो, ती ही माणसं.

वर डोकं मंद चालतं, दोन दिवसांनी आठवलेलं भरवशाचं नसतं. त्याच संध्याकाळी लिहा. पेनची शाई गोठते, म्हणून पेन्सिल ठेवा. बर्फ वितळवून पातेलंभर पाणी करायला स्टोव्ह किती वेळ खातो, सहा हजारांवर पाणी ऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं म्हणून तूरडाळ कशी कच्ची राहते, भूक कशी मरते, कोण कुणावर चिडलं, हे सगळं लिहा. वाचणाऱ्याला चढाई त्यातूनच कळते.

हिमालयाची वाट बघत बसू नका. धनत्रयोदशीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात अस्तंभ्याची यात्रा भरते. अश्वत्थाम्याच्या त्या डोंगरावर रात्रीच्या अंधारात शेकडो माणसं चढतात, कित्येक साध्या चपलांवर. यंदा जा. वाटेत पाणी कुठे मिळतं, कुठे गर्दी तुंबते, म्हातारी माणसं कुठे टेकतात, परतताना पाय कुठे घसरतो, एवढं तीन-चार पानांत लिहा आणि मला पाठवा. मी नक्की वाचेन, आणि काय खटकलं ते सांगेन.