पॅकेट रेडिओचा वेग कुठे हरवतो?

प्रश्न : लिनक्सवर एएक्स.२५ हा प्रोटोकॉल वापरून मी १२०० बॉडचे पॅकेट रेडिओ केंद्र (रेडिओवरून माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये पाठवणारे) चालवतो. पण फाइल पाठवताना सेकंदाला शंभर बाइटही मिळत नाहीत. ९६०० बॉडने प्रश्न सुटेल का?

उत्तर : पूर्णपणे नाही. १२०० बॉडला, म्हणजे इथे सेकंदाला १२०० बिटला, जास्तीत जास्त १५० बाइट जातात, म्हणजे २५६ बाइटचे पॅकेट सुमारे १.७ सेकंद घेते. त्यात ट्रान्समीटर स्थिरावण्यासाठी ठेवलेला, बहुधा अर्ध्या सेकंदाचा विलंब प्रत्येक प्रक्षेपणाला आणि समोरून येणाऱ्या पोचपावतीलाही लागतो. ९६०० बॉडवर पॅकेट ०.२ सेकंदात संपते, पण विलंब तेवढाच राहतो. म्हणून आधी हा विलंब रेडिओला झेपेल तितका कमी करावा आणि संकेत स्वच्छ असल्यास एका प्रक्षेपणात अनेक पॅकेट पाठवावीत.

विश्वासार्हतेचे म्हणाल, तर एएक्स.२५ चूक ओळखते, दुरुस्त करत नाही. एक बिट बिघडला तरी पूर्ण पॅकेट पुन्हा पाठवावे लागते. त्यामुळे गोंगाट असलेल्या वाहिनीवर लहान पॅकेटच श्रेयस्कर. दोन्ही टोकांना डायरवुल्फ (संगणकाच्या साउंडकार्डावर मोडेमचे काम करणारे सॉफ्टवेअर) असल्यास त्यातील एफएक्स.२५ ही चूकदुरुस्ती अवश्य सुरू करावी. माझ्या मते वेग वाढवण्याआधी हेच करावे.