किल्ल्यांच्या वेडापायी जमिनीवर कर्ज काढावं का?

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. दर रविवारी गडावर. आता म्हणते, इंग्लंडला जाऊन तिकडच्या मध्ययुगीन मठांचं नि किल्ल्यांचं संवर्धन शिकायचंय. जमिनीवर कर्ज काढू का? — एक आई, सातारा

उत्तर : ताई, कर्ज आत्ता नको. मुलीला अडवूही नका.

आधी तिला विचारा, जुने कागद वाचायचेत की भिंत सावरायचीय? मठांच्या इतिहासात शिरायचं तर लॅटिन आणि जुनी हस्तलिपी यायलाच हवी. नुसत्या इंग्रजीवर तिथं निभत नाही.

संवर्धन म्हणजे दगड, चुना आणि पाणी. यॉर्कशरचा फाउंटन्स ॲबी हा मठ 1132 सालचा. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 मध्ये तो बंद झाला आणि छपराचं शिसंही काढून नेलं. छप्पर गेलं की पाऊस माथ्यावरून भिंतीत उतरतो. अशा जुन्या भिंती बाहेरून घडीव दगडाच्या, पोटात दगडगोटे नि चुन्याची भर. त्यांच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, कुणी सिमेंटनं भरल्या, तर आतली ओल कोंडते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून दुरुस्तीही चुन्यातच करायची. आपल्या गडांवरचे चुना मळायचे दगडी घाणे तिनं पाहिले असतीलच. (त्यांच्यापुढे रील काढणं म्हणजे संवर्धन नव्हे, हेही सांगा!)

दिल्लीच्या 'एसपीए'सारख्या (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) ठिकाणी संवर्धनातलं एम.आर्क. करायला बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी लागते, ते दार तिला बंद. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करता येईल. मग संवर्धन करणाऱ्या एखाद्या आर्किटेक्टच्या हाताखाली मोजमापं, नोंदी, चुन्याचे नमुने अशी कामं करावीत. सुरुवातीला पगार बेताचाच असतो.

हा अनुभव पुढे कामी येतो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला निदान 2,800 तासांचं काम दाखवावं लागतं. मिळाली तर फी, राहणं, विमानभाडं सगळं निघतं. मात्र नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तिकडंच नोकरी लागेल नि हप्ते फिटतील, या हिशेबावर जमीन गहाण टाकू नका.

परीक्षा संपली की तिला महिनाभर चुन्याच्या कामावर जाऊ द्या. चुनकळी (भाजलेला चुना) पाण्यात विझवताना अंगावर उडते, डोळे चुरचुरतात, आणि बराचसा दिवस चाळण्यात नि मळण्यातच जातो. एवढं करूनही ती टिकली, तर डेक्कन कॉलेजच्या प्रवेशाचं बघू.