हिरडीचा ग्राफ्ट पांढरा पडला, म्हणजे वाया गेला का?

"मॅडम, लावलेलं मांस कुजलंय हो. पांढरंफटक दिसतंय," चौथ्या दिवशी सकाळी सुनंदाताईंचा (नाव बदललं आहे) फोन आला. ग्राफ्ट झालेल्या पेशंटकडून ही शंका हमखास येते.

त्यांच्या खालच्या पुढच्या दातांची हिरडी उतरून मुळं उघडी पडली होती. गार पाणी लागलं की कळ जायची. आमच्या डॉक्टरांनी जागेवर भूल देऊन टाळूचा पातळ पापुद्रा काढला आणि हिरडी उतरलेल्या जागी टाक्यांनी बसवला. हाच ग्राफ्ट.

ताप, पू, वाढती सूज, रक्त? काहीच नव्हतं. मग विचारलं, "पण तुम्हाला दिसलं कसं?"

"ओठ खाली ओढून. लेकीला फोटो पाठवायचा होता."

माझी काळजी पांढऱ्या रंगाची नव्हती, या ओढण्याची होती. सुरुवातीचे दोन-तीन दिवस त्या पापुद्र्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालून झिरपणाऱ्या द्रवावर तो तगतो. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू त्यात शिरतात. या काळात वरचा थर पांढरट होऊन सुटतो आणि खालून गुलाबी रंग येतो. ओठ ओढला की ग्राफ्ट हलतो, नुकतं जुळू लागलेलं तुटतं. तरी खात्रीसाठी त्याच दिवशी बोलावलं. ग्राफ्ट जागेवर घट्ट होता.

दुखत होती ती टाळूची जखम, गरम चहाने पोळल्यासारखी. ती भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर खिमट, मऊ भात, ताक. भाकरी आणि तिखट नंतर. औषधी पाण्याची गुळणी जोरात थुंकायची नाही, नुसती ओघळू द्यायची. डॉक्टर सांगेपर्यंत त्या जागी ब्रश नाही. टाळूतून रक्त आलं तर ओला गॉज वीसेक मिनिटं दाबून धरायचा. तरी थांबलं नाही तर लगेच फोन.

खरी अडचण मशेरीची. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ऑपरेशनआधीच ती बंद करायला लावली होती. "पण त्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही," हे त्यांचं गाऱ्हाणं. बायका हे लाजत सांगतात, म्हणून मीच आधी विचारते. माझ्या मते ऑपरेशनपेक्षा मशेरी सोडणं अवघड.

दोन आठवड्यांनी टाके काढले. ती जागा बाजूच्या हिरडीपेक्षा जरा फिकट आणि जाड राहील, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ओठाआड कोण बघतंय? पण आता थोडीशी मशेरी चालेल ना?"

पुढच्या आठवड्याची वेळ त्यासाठीच दिली आहे.