रबर प्लांटची खालची पानं पिवळी पडून गळताहेत. रोज थोडं थोडं पाणी घालते, तरी असं का होतं?

'तरी' नाही, 'म्हणूनच'. रोजचं ते थोडं थोडं पाणीच नडत असणार.

माझं पहिलं झाड मी असंच घालवलं. पान पिवळं दिसलं की वाटायचं, बिचाऱ्याला तहान लागली असेल. ओत अजून एक तांब्या. शेवटी कुंडी उपडी केली तर मुळं काळी, लिबलिबीत आणि मातीला कुबट वास. मुळांनाही हवा लागते. माती सतत ओली राहिली की ती गुदमरतात, सडतात, आणि सडलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. म्हणजे भरल्या कुंडीत झाड तहानलेलं, आणि ते बघून आपण पुन्हा पाणी घालायला मोकळे!

आता वार लावून पाणी घालणं सोडा. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर परत फिरा. कोरडं लागलं तर मात्र हात आखडू नका, खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून द्या. माझ्या झाडाला थंडीत कधीकधी दोन आठवडे पाणी लागत नाही. खरंच तहानलेलं झाड ओळखू येतं: पानं मलूल होऊन लोंबतात, माती आकसून कुंडीची कड सोडते.

मातीला वास येत असेल तर वाट बघू नका. झाड काढा, काळी मऊ मुळं कापा आणि जाडसर वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) मिसळलेल्या भुसभुशीत मातीत लावा. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच कुंडी घ्या. मोठ्या कुंडीत माती जास्त, म्हणून ओलही जास्त दिवस टिकते.

एक विचारायचं राहिलं, झाडाची जागा नुकतीच बदललीत का? हे वड-पिंपळाच्याच कुळातलं झाड, पण हलवलेलं त्याला खपत नाही. रागावून चार पानं टाकतं. (मेघालयात याच झाडाची जिवंत मुळं ओढ्यांवरून वळवून पूल करतात. आपल्या घरात मात्र त्याचे नखरे!) खिडकीजवळ भरपूर उजेडात, पण दुपारच्या कडक उन्हापासून आडोशाला ठेवा आणि मग तिथून हलवू नका. पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या जातीला उजेड थोडा जास्तच लागतो. पानांवर धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पुसा, तेल किंवा चकाकीचे फवारे नकोत.

अधूनमधून अगदी खालचं एखादं पान गळलं तर ते वयानं गेलं, काळजी नको.

गळलेल्या पानांच्या जागी सहसा पुन्हा पान येत नाही, त्यामुळे खोड बोडकं दिसत राहील. झाड सावरलं, शेंड्याच्या लालसर आवरणातून नवं पान उलगडायला लागलं की उन्हाळ्याच्या तोंडाला शेंडा छाटा, खालून फांद्या फुटतील. कापताना पांढरा चीक येतो. तो त्वचेला चुरचुरतो, हातमोजे घाला, आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर छाटलेले तुकडे त्यांच्या तोंडी लागू देऊ नका.