बीपी वाढलंय, योगासनं केली तर गोळी बंद करता येईल का?

योग जरूर करा, पण गोळी मनाने बंद करू नका. योगाने बीपी थोडं खाली यायला मदत होते, औषधाची जागा तो घेत नाही. खरा उपयोग संथ श्वासाचा. पाठ ताठ ठेवून बसा, मिनिटाला साधारण ६ श्वास, सोडताना जास्त वेळ घ्या. श्वास रोखायचा नाही. बीपी ताब्यात नसेल तर शीर्षासन, सर्वांगासन, जोरकस कपालभाती, भस्त्रिका टाळाच. टीव्हीवर बघून तर अजिबात नको. शवासनातून झटकन उठू नका, गोळी चालू असताना चक्कर येऊ शकते. कुशीवर वळा, हात टेका, मग उठा. लोणचं-पापडही कमी करा, त्यातून बरंच मीठ पोटात जातं. घरी बीपी मोजून लिहून ठेवा; डोस कमी करायचा का, ते त्या नोंदी पाहून डॉक्टरच ठरवतील.