आधी आपांचं ट्रान्सक्रिप्ट, मग लेकीचा प्रवेश

पत्र थोडक्यात असं: "मी नागपूरच्या मोमिनपुऱ्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बीएस्सी, बीएड. शाळेत सगळे आपा म्हणतात. आम्हा सगळ्यांना कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळाली. मिस्टर आठ महिन्यांपासून ऑन्टारिओ प्रांतात मिसिसागाला आहेत, आम्ही ऑगस्टमध्ये निघतोय. मुलगी दहावी झाली, ८६ टक्के. मुलगा लहान आहे. सासूबाई म्हणतात, तिला बारावीपर्यंत इथंच राहू द्या. ती हिजाब घालते, तिला शिक्षिका व्हायचंय. तिकडे चालेल का? आणि व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, हे आमच्या घरात पक्कं आहे."

आपा, सलाम.

पत्रात लेकीबद्दल पानभर आहे आणि तुमच्याबद्दल दोन पदव्या, बस. म्हणून मी सुरुवात तुमच्यापासून करते. निघण्याआधी नागपूर विद्यापीठातून बीएस्सी आणि बीएडची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा विद्यापीठाचा अधिकृत उतारा काढा. तिकडे कागद बहुतेक वेळा थेट विद्यापीठाकडून किंवा सीलबंद पाकिटात मागतात, आणि मिसिसागात बसून इथल्या खिडकीवर कुणाला पाठवत राहणं म्हणजे डोक्याला ताप. नावंही तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतरचं नाव वेगळं, त्यात उर्दू नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फाइली इथंच अडकतात. प्रतिज्ञापत्र, गरज पडली तर राजपत्रातली नोंद, हे सगळं इथं असतानाच उरकून घ्या.

ऑन्टारिओत सरकारी शाळेत शिकवायला ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्स या शिक्षकांना परवाना देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. तिथलं शिक्षकांचं प्रशिक्षण 2015 मध्ये चार सत्रांचं झालं. तुमचं बीएड जुनं, एका वर्षाचं असेल तर काही विषय वाढवावे लागतील, हे धरून चाला. तोवर शाळेत लंचरूम सुपरवायझरसारखं, म्हणजे डब्याच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं तर घ्या, पण प्रमाणपत्राचा अर्ज पहिल्याच वर्षी टाका. "मुलं जरा रुळू दे, मग बघू" म्हणणाऱ्या शिक्षिका पाच वर्षांनीही डबे उघडून देताना मी पाहिल्या आहेत. पीआर असलेल्यांसाठी लिंक नावाचे इंग्रजीचे सरकारी वर्ग फुकट असतात, ते लगेच लावा. नाहीतर बँक, डॉक्टर, शाळेची पत्रं, सगळीकडे लेकच दुभाषी होऊन फिरेल आणि अभ्यास रात्री अकराला सुरू होईल.

आता लेक. सासूबाईंची माया कळते, पण माझं मत विचाराल तर तिला सोबत न्या. इथून बारावी करून थेट तिकडच्या विद्यापीठात उतरण्यापेक्षा शाळेची दोन वर्षं तिथं काढलेली बरी. तिच्या वयाला साधारण अकरावी मिळते. आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण झालेले विषय, किती धरायचे ते शाळा गुणपत्रिका बघून ठरवते. डिप्लोमाला, म्हणजे तिकडे बारावी पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला, 30 क्रेडिट, साक्षरतेची एक अट आणि 40 तास समाजसेवा लागते. समाजसेवेसाठी मशिदीतला किंवा फूड बँकेतला उपक्रम चालेल का, ते शाळेला आधी विचारून घ्या.

एक सापळा सांगते. आपल्याकडे 'कॉलेज' म्हटलं की झालं. तिकडे कॉलेज वेगळं, युनिव्हर्सिटी वेगळी, आणि अकरावी-बारावीचे विषयही त्यानुसार वेगळे. विषयाच्या कोडच्या शेवटी 'यू' असेल तर युनिव्हर्सिटीसाठी, 'सी' असेल तर कॉलेजसाठी. नवीन आलेल्या मुलांना कधी कधी 'सोपं जाईल' म्हणून 'सी'त बसवतात. शिक्षिका व्हायचं तर आधी युनिव्हर्सिटीची पदवी लागते, म्हणून बारावीचं इंग्रजी 'यू'चंच हवं. शाळेच्या पहिल्या भेटीत हे विचारायला लाजू नका.

हिजाबाचं म्हणाल तर ऑन्टारिओत शिक्षिकेला त्यावर बंदी नाही. कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांनी तर 2016 मध्ये गणवेशातही हिजाबाला परवानगी दिली. क्युबेक प्रांत मात्र वेगळा. 2019 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना कामावर धार्मिक चिन्ह घालता येत नाही. स्वस्त घरासाठी क्युबेकमधल्या मॉन्ट्रियलला जायचा विषय निघाला, तर हे आठवा. कामाच्या ठिकाणी कुणी तिरकं बघणारच नाही, अशी हमी मात्र मी देऊ शकत नाही.

व्याजाबद्दल. पीआर असल्यामुळे लेकीला परदेशी विद्यार्थ्यांची भरमसाट फी लागणार नाही. ओसॅप या ऑन्टारिओतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी मदतीत काही भाग अनुदान असतो, तो परत करायचा नाही; बाकीचं कर्ज. कर्जातल्या केंद्र सरकारच्या भागावर एप्रिल 2023 पासून व्याज नाही. प्रांताच्या भागावर मात्र आहे. अर्ज करताना अनुदान तेवढं घेऊन कर्ज नाकारता येतं का, ते तिथल्या आर्थिक मदत कार्यालयात विचारा. काय चालतं आणि काय नाही, हे तुम्ही आणि तुमचे मौलाना ठरवा, तो माझा प्रांत नाही.

मुलाचं काही विचारलं नाहीत. सहावीतला असेल तर डिसेंबरपर्यंत तोच तुमचे उच्चार सुधारायला लागेल.

ट्रान्सक्रिप्टचा अर्ज या आठवड्यात टाका. विद्यापीठात अर्ज द्यायला जाताना मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट दोन्ही घेऊन जा, म्हणजे नावाचा घोळ खिडकीवरच कळेल.